फुंकरमामा पितात का?

वस्तीच्या टोकाला, डांबरी रस्ता संपून खडी सुरू होते तिथं, पत्र्याच्या छपराचा एक लांबलचक गोठा आहे. आत चाळीस शेळ्या, दोन बोकड आणि फुंकरमामा. बाहेरून जाणाऱ्याला आधी मामांचाच आवाज ऐकू येतो, कारण शेळ्या निदान श्वास घ्यायला तरी थांबतात.

फुंकरमामा हे नाव त्यांना त्यांच्या कामानं दिलं. करडू जन्माला आलं आणि श्वास घेईना, की मामा त्याला मांडीवर घेत, स्वतःच्या तोंडानं त्याच्या नाकातला चिकट स्राव ओढून बाजूला थुंकत आणि मग नाकपुडीत हलकेच फुंकर घालत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा करडू शिंके. आसपासचे शेळीवालेसुद्धा अडलेल्या शेळीसाठी मामांना बोलवायला धावत यायचे. हातमोजे वगैरे भानगड नाही. कोपरापर्यंत बाही वर केली की मामा तयार. "हाताला दिसतं," असं ते म्हणायचे, आणि खरंच त्यांच्या हाताला दिसायचं.

करडू उभं राहिलं की मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला. नर की मादी, ते नंतर. आधी, "प्यायलं का?" जन्मल्यावर पहिल्या तासात आईचा चीक पोटात गेला, तर करडू जगलं असं समजायचं. म्हणून पहाटे गोठ्यात पाऊल ठेवताना "प्यायलं का?", दुपारी जेवताना "ते कालचं पितंय का?", आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पस्तीस वर्षं हेच बोलून पिणं या शब्दाला मामांच्या तोंडी दूध हा एकच अर्थ उरला होता. दारूला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. मुलाच्या लग्नात कुणी सरबताचा पेला हातात दिला, तर तोही त्यांनी तीन वेळा हुंगून पाहिला होता.

मामांचा एकच हट्ट होता, पण तो चांगला चिवट होता. दूध उकळलं की मरतं, असं त्यांचं ठाम मत. ते स्वतः दोन वेळा धारोष्ण दूध घ्यायचे, शेळीच्या कासेतून थेट पेल्यात आणि पेल्यातून थेट पोटात. मामींनी संसाराच्या पहिल्याच वर्षी हात जोडून सांगितलं होतं, "मला चहा पुरे." मुलाला दुधाचं वावडं होतं. राहिली सून. ती पोटुशी आहे हे कळलं त्या दिवसापासून तिच्यासाठी सकाळचा एक पेला राखीव झाला. मामा स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी आणून द्यायचे आणि म्हणायचे, "मेलेलं नाही हं, जिवंत आहे. पटकन पी." सून पेला घेऊन आत जायची आणि रिकामा परत आणायची. "नाक दाबून पिते हो मामा," असं म्हणायची. मामांना कोण कौतुक!

त्या वर्षी वसंतात गोठ्यात एक विपरीत घडलं. पंधरा दिवसांत तीन शेळ्या गाभडल्या, म्हणजे दिवस भरायच्या आतच त्यांची करडं गेली. चौथी ठिपकी. ती मामांची सगळ्यात लाडकी. तिला दोन अशक्त करडं झाली आणि दोघांनाही मामांनी फुंकर घालून पाहिली. एक जगलं. मेलेली करडं आणि त्यांच्यामागून पडलेला जार मामांनी नुसत्या हातांनी उचलून गोठ्यामागं पुरले. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, असं मुलगा म्हणाला, तेव्हा मामांनी नाक उडवलं. "तो पोरगा शाळेत होता तेव्हापासून मी शेळ्या विणवतोय. चाऱ्यात काहीतरी आलं असेल." चारा बदलला. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

तीन आठवड्यांनी मामांना ताप यायला लागला. हा तापही मोठा लबाड. सकाळी माणूस ठणठणीत, दुपारी ठीक, आणि दिवस कलला की हुडहुडी भरून अंग तापायचं. मग इतका घाम सुटायचा, की मामी त्यांचा सदरा पिळून दोरीवर टाकायच्या. कंबर धरली, सांधे दुखायला लागले, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडावी लागली. चार दिवस ताप गायब व्हायचा, मामा छाती पुढं काढून "बघा!" म्हणायचे आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा हजर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मामांनी त्यातल्या निम्म्या घेतल्या आणि दूध वाढवलं. अशक्तपणावर दुधासारखं दुसरं काही नाही ना!

मग एके दिवशी भर दुपारी, ठिपकीची धार काढताना, मामांच्या पोटात वरच्या बाजूला कुणीतरी सुरी खुपसावी तशी कळ आली. ती सरळ पाठीतून बाहेर निघाल्यासारखी वाटली. बादली कलंडली. मामा गुडघ्यांवर बसले, पुढं वाकले, उलटी झाली, पुन्हा झाली. मामी धावत आल्या तेव्हा ते कपाळ जमिनीला टेकवून होते आणि ठिपकी त्यांचा कान चाटत होती. मामांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, तेव्हा मामींनी मुलाला ओरडून हाक मारली. बत्तीस वर्षांत हा माणूस गप्प बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

मुलानं दुधाच्या गाडीतूनच त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलं. रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी झाली, मग मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, "स्वादुपिंडाला सूज आली आहे. जठराच्या मागं असतं ते, पचनाचा रस तयार करतं. सूज आली की तो रस त्यालाच जाळायला लागतो. दुखणं साधं नाही." मग सहसा ज्यामुळं हे होतं ती कारणं त्यांनी एकेक तपासली. पित्ताशयात खडे नव्हते. रक्तात चरबी वाढलेली नव्हती. राहिलं तिसरं. डॉक्टर मामांवर वाकून म्हणाले, "मामा, पिता का?"

मामांचे डोळे मिटलेले होते, पण या प्रश्नाला ते झोपेतही उत्तर देऊ शकले असते. "रोज," ते म्हणाले. "दोन वेळा."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. दोष त्यांचा नव्हता. दुसरं कुणीही तेच लिहिलं असतं.

तोंडानं काही द्यायचं नाही, शिरेतून पाणी चढवायचं, दुखणं थांबवायची इंजेक्शनं द्यायची, असे तीन दिवस गेले. पोट थोडं निवळलं. ताप मात्र संध्याकाळी ठरल्या वेळी येतच राहिला आणि तो का येतो हे कुणाला उमजेना. सूज आहे म्हणून ताप असेल, असं म्हणून सगळे थांबले. मामा दिवसागणिक वाळत होते. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या सासऱ्याला पाहून सून बाहेर येऊन रडायची. तिचा पाचवा महिना चालू होता. "नातवंडाला आधी मी मांडीवर घेणार, मग तुम्ही," असं मामांनी सगळ्या घराला बजावून ठेवलं होतं. आता त्यांना स्वतःचा हात उचलून तोंडाशी नेता येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी एक समुपदेशक ताई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, चेहऱ्यावर कुणालाही राग येणार नाही असं हसू. व्यसन सोडवणं हे त्यांचं काम. मामांना वाटलं, आहाराविषयी विचारायला आल्या असतील. चार दिवस उपाशी असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"मामा, किती वर्षांपासून पिता?"

"लहानपणापासूनच. आईनंच सवय लावली."

ताईंची भुवई वर गेली, पण अनुभवी बाई. "दिवसाला किती होतं?"

"सकाळी मोठा पेला, संध्याकाळी मोठा पेला. बरं नसलं की जास्त."

"पाणी घालून घेता, की तसंच?"

मामांना इतका अपमान आजारपणातही सहन झाला नाही. ते कोपरावर उठले. "पाणी? बाई, पाणी घातलेलं मी आयुष्यात प्यायलो नाही आणि कुणाला पाजलंही नाही. सगळी वस्ती विचारा!"

"म्हणजे तुम्ही इतरांनाही..."

"चाळीस घरं आहेत माझ्याकडं. सकाळी पोचतं."

ताईंनी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. "कधी बंद करावंसं वाटलं?"

"का बंद करायचं? त्यानंच तर उभा आहे." मामा आडवे होते, पण ते असो. "आता सुनेलाही चालू केलंय. पाचवा महिना आहे ना तिला. पोटातल्या बाळाला आतापासूनच सवय लागलेली बरी. नाक दाबून पिते बिचारी, पण एक थेंब ठेवत नाही."

ताईंचं पेन थांबलं. हसू गेलं. त्या उठल्या आणि तडक बाहेर आल्या. बाकावर मामी पिशवीतले कपडे लावत होत्या आणि शेजारी सून बसली होती, ओढणीखाली पाच महिन्यांचं पोट.

"तुम्ही पिता?" ताईंनी तिला विचारलं. आवाज कापत होता. "या अवस्थेत? आणि घरातली माणसं तुम्हाला पाजतात?"

सुनेला काही कळेना. मामींना मात्र 'व्यसन' ही अक्षरं फॉर्मवर दिसली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण पितो? हे? अहो ताई, लग्नाला बत्तीस वर्षं झाली. यांच्या अंगाला वास आला असेल तर तो बोकडाचा! दारूचा नाही कधी!"

"पण ते स्वतःच म्हणाले की रोज दोन पेले..."

सून उठून उभी राहिली. "दूध!" ती जवळजवळ ओरडलीच. "दूध हो! शेळीचं! कच्चं दूध पितात ते!"

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. ताई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या आणि मग त्याही हसायला लागल्या. तेवढ्यात रुग्णांना बघत निघालेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिथून चालल्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या थांबल्या.

"कच्चं?" त्यांनी सुनेला विचारलं. "म्हणजे न उकळता?"

"एकदाही नाही उकळत. उकळलं की मरतं म्हणतात."

"आणि शेळ्यांचं काय? यंदा गोठ्यात काही बिघडलं होतं? गाभडल्या वगैरे?"

मामींनी सगळं सांगितलं. तीन शेळ्या, ठिपकीची दोन करडं, नुसते हात आणि ती फुंकर. डॉक्टरीणबाईंनी ताप कसा येतो ते पुन्हा पहिल्यापासून विचारलं. सदरा पिळावा लागतो हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, जणू हरवलेली किल्ली खिशातच सापडली. "ब्रुसेलोसिस," त्या म्हणाल्या. "जनावरांकडून येतो हा ताप. कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराला नुसता हात लावण्यातून. क्वचित, अगदी क्वचित तो स्वादुपिंडाला जाऊन धरतो. मीही आजवर असं एकदाच पाहिलंय." लगेच त्यांनी प्रयोगशाळेला फोन करून सांगितलं, की नमुना जपून हाताळा. दोन दिवसांनी रक्तानं त्यांच्या म्हणण्याला होकार दिला. औषधं बदलली.

हे सगळं मामांच्या कानावर घातलं ते डॉक्टरीणबाईंनी स्वतः, खुर्ची ओढून, शेजारी बसून. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी बाई म्हणाल्या, "घरात आणखी कुणी कच्चं दूध घेतं का? सूनबाईंचंही रक्त तपासू. पोटातल्या बाळाला यापासून धोका असतो."

मामा सावकाश उठून बसले. त्यांनी आपले दोन्ही हात पांघरुणावर उलटे केले आणि तळव्यांकडं बघत राहिले. हेच हात. यांनीच तो पेला रोज दाराशी नेला होता. शेळ्यांच्या पोटातलं बाळ या रोगानं जातं, हे त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. मग ते रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज करून. मुलगा दाराशी गोठून उभा राहिला. बापाला रडताना कसं बघायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सून पलंगाच्या कडेला बसली. "मामा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

मामांनी मान हलवली.

"पहिले दोन दिवस मी ते तसंच प्यायले. मग मळमळायला लागलं. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही गोठ्याकडं वळलात की मी ते पातेल्यात ओतायचे आणि उकळायचे. चांगलं वर येईपर्यंत. साखर घालून प्यायचे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"रोज?"

"रोज. तुमचं जिवंत दूध मी रोज मारलं, मामा."

मामा तिच्याकडं बघतच राहिले. कपाळाला हात लावावा की तिच्या पाया पडावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "दोन दिवस प्यायलीस ना पण."

ते दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लावून गेले. तिच्या रक्ताचा अहवाल यायलाही बरोबर दोनच दिवस लागले. त्या काळात मामांनी दुखण्याबद्दल एक शब्द काढला नाही. परिचारिका आली की एकच विचारायचे, "सुनेचा कागद आला का?" कागद आला तेव्हा तो समुपदेशक ताईंनीच आणला. ते त्यांचं काम नव्हतं, पण त्या मुद्दाम घेऊन आल्या. सुनेच्या रक्तात काही नव्हतं. पुन्हा एकदा तपासायचं होतं, पण डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती. मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा साखरपाणी मागितलं आणि ते त्यांच्या पोटात टिकलं.

गोळ्या दोन तऱ्हेच्या, सहा आठवडे, एकही चुकवायची नाही. मामींनी भिंतीवर कागद लावला आणि घेतलेल्या गोळीवर रोज फुली मारली. निम्म्या गोळ्या घेणाऱ्या माणसावर यापुढं त्या विश्वास ठेवणार नव्हत्या. ताप हळूहळू संध्याकाळ विसरायला लागला. चाळीस घरी मुलगा स्वतः गेला, झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि कुणाला ताप असला तर तपासून घ्या म्हणाला. सगळ्या घरी दूध उकळूनच घेत होते. मामांचं मत त्यांनी कित्येक वर्षांपासून या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

गुरांचे डॉक्टर आले. या वेळी मामांनी त्यांना खुर्ची दिली. सगळ्या शेळ्यांचं रक्त तपासलं, सहा निघाल्या. त्यांत ठिपकी होती. त्या ठेवून चालणार नव्हतं. गाडी आली त्या सकाळी मामा ठिपकीला स्वतः फळीवर चढवायला गेले, कोपरापर्यंत हातमोजे घालून. मोज्यातून हाताला काही दिसत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यानंतर तो सगळा दिवस गोठ्याला त्यांचा आवाज ऐकू आला नाही. दुःख झालं तर ते झालंच. त्याला गोळी नव्हती.

दोन महिन्यांनी निरोगी शेळ्यांतली पहिली व्यायली. करडू पडलं ते निपचित. मामांनी सवयीनं त्याला उचललं, मान खाली गेली, ओठ जवळ आले.

"अहो!" दारातून मामींची हाक आली.

मामा थांबले. गळ्यात लोंबणारा मास्क तोंडावर ओढला, करडाचं तोंड फडक्यानं पुसलं, मागचे पाय धरून त्याला उलटं केलं, छाती खसाखसा चोळली आणि गुरांच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं तशी वाळलेल्या गवताची काडी नाकपुडीत फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. करडू शिंकलं, आणि ती शिंक थेट मामांच्या मास्कवर. मामा इतके हसले, की दोन शेळ्या बिचकून मागं सरल्या. फुंकर गेली, मामा राहिले.

तपासणीला गेले तेव्हा तरुण डॉक्टरांनी जरा लाजतच विचारलं, "मामा, आता पिता का?"

"पितो," मामा म्हणाले. "मारून."

सुनेचे दिवस भरले ते एका स्वच्छ सकाळी, त्याच रुग्णालयात. मुलगा बाहेर आला. त्यानं दोन्ही हातांनी आत यायची खूण केली. मामी पुढं धावल्या, मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणासारखं, हे सगळं एका दमात विचारायला लागल्या. मामा हात धुवायला गेले होते. साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा धुतले. मग आत आले. नात पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली होती, एवढीशी, लालबुंद. सुनेनं तिला उचलून पहिल्यांदा मामांच्याच हातात दिलं. वचन होतं तसं.

मामांनी नर की मादी विचारलं नाही. तिच्याकडं बघत त्यांनी तोच ठरलेला प्रश्न विचारला. "प्यायलं का?"

सून दमली होती, पण हसली. "पितंय ना, मामा. जन्मल्यापासून पितंय," ती म्हणाली. "आणि कच्चंच हं."